एका वर्षाचीं गाणीं : सन १९४९



गाण्यांविषयीं बोलावयाचें आणि गावयाचें मात्र नाहीं, अशी आज माझी स्थिति आहे. माझा गळा गाण्याचा नाहीं, हें माझ्या वर्गांत बसलेल्या कोणाहि विद्यार्थ्यास विचारावें. कविता शिकवितांना चाल लावण्याचें काम मी नेहमीं मुलींकडेच सोंपवीत असें. तेव्हां ज्या गाण्यांचा उल्लेख पुढें येईल, त्यांच्या ओळी मी म्हणून दाखविणार नाहीं. त्याची आवश्यकताहि नाहीं. चित्रपटाचें आणि गाणाऱ्याचें नांव घेतलें कीं ओळ आपण मनांतल्या मनांत म्हणालच.

विषय आहे एका वर्षांतील लोकप्रिय गाण्यांचा, आणि त्यासाठीं मीं हिंदी चित्रपटांचें सन १९४९ हें वर्ष निवडलें आहे. हें वर्ष मीं पाहिलेलें नाहीं; माझा जन्म त्यानंतर कांहीं वर्षांनीं झाला. परंतु शाळेंत जावयास निघण्यापूर्वीं, सकाळीं साडेसात ते आठ या वेळांत, रेडिओ सिलोनवरून जुन्या चित्रपटांचीं गाणीं लागत आणि शेवटीं सैगलचें एक गाणें लागलें कीं दप्तर उचलावयाची वेळ झाली असें आम्हीं समजावें, असा आमच्या पिढींतील अनेकांचा परिपाठ होता. त्या अर्ध्या तासांत जीं गाणीं वारंवार कानांवर पडलीं, त्यांतील पुष्कळशीं एकाच वर्षाचीं होतीं, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. एवढीं गाणीं एकाच वर्षीं कां यावीं आणि तीं टिकावीं कां, हा प्रश्न तेव्हांपासून मनांत आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वर्षीं कोणतें गाणें पहिलें आलें आणि कोणतें दुसरें, हें सांगण्यास कांहींहि साधन नाहीं. गाण्यांना पायऱ्यांवर उभें करून क्रमांक देण्याची चाल घरोघर पोंचविली ती अमीन सायानी यांच्या 'बिनाका गीतमाले'नें; आणि तो कार्यक्रम रेडिओ सिलोनवर सुरू झाला ३ डिसेंबर १९५२ रोजीं. त्यापूर्वींच्या गाण्यांची लोकप्रियता मोजावयाची तर माप निराळें घ्यावें लागतें. इराण्याच्या हॉटेलांत कोणती तबकडी पुन्हां पुन्हां लावली जाई? लग्नाच्या वरातींत बँडवाले काय वाजवीत? चित्रपटगृहाच्या दारांत कांहीं आण्यांना मिळणारीं गाण्यांचीं पुस्तकें कोणाच्या ट्रंकेंत जपून ठेवलेलीं सांपडतात? आणि सर्वांत खरें माप हें कीं, ज्यांनीं तो चित्रपट पाहिलाच नाहीं त्यांच्या मुलांना आणि नातवांना कोणतीं गाणीं येतात? या मापानें पाहतां सन १९४९ ची यादी कोणासहि हेवा वाटावा अशी आहे. 'अंदाज', 'बरसात', 'महल', 'दुलारी', 'दिल्लगी', 'पतंगा', 'बडी बहन', 'एक थी लडकी', 'बाजार', 'लाहोर' — हे सारे बोलपट एका वर्षाचे.

हीं गाणीं ज्या वस्तूवर बसून घरोघर गेलीं, त्या वस्तूकडे आधीं थोडें पाहूं. ती म्हणजे लाखेच्या मिश्रणाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंच व्यासाची तबकडी. तिच्या एका बाजूस तीन, फार तर सव्वातीन मिनिटें मावत. ती हातांतून पडली कीं फुटे. आणि सुई बदलली नाहीं तर तिच्या रेघा झिजत. कलकत्त्याजवळ डमडम येथें ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता आणि तेथून कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याचें चित्र असलेल्या तबकड्या देशभर जात. या तीन मिनिटांनीं आपल्या गाण्याचा घाट ठरविला. आरंभीं वाद्यांचे दोन-चार क्षण, मग ध्रुवपद, मग दोन वा तीन अंतरे, मध्यंतरीं वाद्यें, आणि शेवट. एखाद्या बुवांना नुसता षड्ज लावावयास लागावा एवढा हा वेळ! त्यांत ज्याला रागाचा भाव, शब्दांचा अर्थ आणि कथेंतला प्रसंग हें सारें बसवितां आलें, तो संगीत-दिग्दर्शक खरा. हें काम हलकें आहे असें म्हणणाऱ्यांनीं एकदां तीन मिनिटांत एखादी गोष्ट सांगून पहावी.

दुसरी गोष्ट काळाची. १८ जानेवारी १९४७ रोजीं कुंदनलाल सैगल वारले. त्याच वर्षीं देशाची फाळणी झाली आणि नूरजहाँ पाकिस्तानांत गेल्या. पाठोपाठ खुर्शीदहि गेल्या. ज्यांच्या आवाजावर चित्रपट चालत, असे तीन आवाज दोन वर्षांच्या आंत मुंबईच्या चित्रसृष्टींतून नाहींसे झाले. याच सुमारास पडद्यावर दिसणाऱ्या नटानें स्वतःच गावें ही रीत मागें पडत चालली होती, आणि पडद्यामागून दुसऱ्यानें गावयाचें, नटानें ओठ हालवावयाचे, ही पार्श्वगायनाची रीत रूढ होत होती. जागा रिकामी होती आणि जागेचें स्वरूपहि बदललें होतें. सन १९४९ च्या गाण्यांत जो नवेपणा आहे, त्याचें मूळ मला या दोन गोष्टींत दिसतें.

आतां गाण्यांकडे वळूं. त्या वर्षाचे अनभिषिक्त राजे म्हणजे लखनौचे नौशाद. त्यांचे 'अंदाज', 'दुलारी', 'दिल्लगी' आणि 'चांदनी रात' असे चार चित्रपट त्या एका वर्षांत आले. मेहबूब खान यांचा 'अंदाज' मुंबईंत मरीन लाइन्सजवळच्या लिबर्टी या नव्याकोऱ्या चित्रगृहांत लागला. त्या चित्रगृहाचें उद्घाटनच या चित्रपटानें झालें. 'अंदाज'मध्यें दिलीपकुमार पियानोपाशीं बसून गातात तीं गाणीं मुकेश यांनीं गाइलेलीं आहेत, आणि राज कपूर यांच्यासाठीं आवाज आहे महंमद रफी यांचा. पुढें सर्व हिंदुस्थानानें मुकेश म्हणजे राज कपूर आणि रफी म्हणजे दिलीपकुमार अशी जी जोडी मनांत घट्ट बसविली, ती येथें अगदीं उलटी आहे; आणि तरी ऐकतांना कांहीं चुकल्यासारखें वाटत नाहीं. आवाज आणि चेहरा यांचें नातें आपण समजतों तितकें जन्मजात नसतें, संवयीचें असतें, हें यावरून दिसून यावें.

'दुलारी'मधील रफींचें रात्रीचें गाणें मात्र संवयीच्या पलीकडचें आहे. पहाडीच्या अंगानें जाणारी ती चाल संथ आहे, शब्द शकील बदायुनी यांचे आहेत, आणि एका वाट पाहणाऱ्या माणसाची उत्कंठा तींत अशी भरली आहे कीं कोणीहि ती आपलीच समजावी. रफी तेव्हां पंचविशींतहि पोंचले नव्हते. या गाण्यापूर्वीं ते ठाऊक नव्हते असें नाहीं. परंतु एकट्याच्या आवाजावर सबंध गाणें पेलणारा गवई म्हणून त्यांच्याकडे पहावयास या गाण्यानें लोकांना शिकविलें असें म्हणतां येईल. 'दिल्लगी'मध्यें सुरैय्या आणि श्याम यांनीं स्वतःच्या आवाजांत चंद्र-चांदण्याचें युगुलगीत गाइलें आहे. गाणारा नट आणि गाणारी नटी या जुन्या परंपरेचीं तीं शेवटचीं सुंदर फुलें. हे श्याम पुढें दोनच वर्षांनीं, १९५१ सालीं, चित्रीकरण चालूं असतांना घोड्यावरून पडून वारले.

नौशाद हे राजे खरे, परंतु त्या वर्षींच्या दंग्याचें श्रेय दुसऱ्यांकडेच जातें. राज कपूर यांचें वय चोविसांच्या घरांत. त्यांचा पहिला चित्रपट 'आग' जेमतेम चाललेला. आणि दुसऱ्या चित्रपटास त्यांनीं संगीत-दिग्दर्शक निवडले ते पृथ्वी थिएटर्समधील दोन वादक, तबल्यावरचे शंकर आणि पेटीवरचे जयकिशन. दोघांनाहि स्वतंत्रपणें काम करण्याचा अनुभव नव्हता. कवि तरी नामांकित असावे? तर तेहि नाहीं. शैलेंद्र हे माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांत नोकरी करीत आणि हसरत जयपुरी हे मुंबईच्या बसमध्यें तिकिटें देत. शैलेंद्रांनीं आपली कविता विकावयाची नाहीं म्हणून आधीं राज कपूर यांना नकार दिला होता, आणि पुढें घरांत पैशांची निकड लागली तेव्हां ते आपण होऊन गेले, असें सांगतात. अशा सर्वस्वीं नवख्या मंडळींनीं केलेला 'बरसात' ज्या रीतीनें गाजला, तसे फार थोडे चित्रपट गाजले असतील. त्यांतील बहुतेक गाणीं लता मंगेशकर यांच्या आवाजांत आहेत. भैरवीचा रंग पुन्हां पुन्हां येतो. पण ती मैफलीच्या शेवटची थकलेली भैरवी नव्हे. तिला ठेक्याचे पाय फुटले आहेत. आमच्याकडील कांहीं जाणकारांनीं तेव्हां नाकें मुरडलीं असतील, मुरडोत बापडीं. सामान्य माणसाला राग ओळखतां न येतां रागाचा आनंद घेतां यावा, यांत रागाचें काय नुकसान झालें, हें मला अद्यापि समजलेलें नाहीं.

आतां आपल्या घरच्या माणसाकडे येतों. नगर जिल्ह्यांतील पुणतांबें हें ज्यांचें जन्मगांव, आणि गांधर्व महाविद्यालयांत विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशीं ज्यांनीं गाण्याचे धडे घेतले, ते रामचंद्र नरहर चितळकर चित्रपटांत सी. रामचंद्र या नांवानें चाली देत आणि चितळकर या नांवानें गात. त्यांचा 'पतंगा' याच वर्षाचा. त्यांतील रंगूनच्या दूरध्वनीचें गाणें न ऐकलेला मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे. नवरा रंगूनला, बायको डेहराडूनला, आणि दोघांचें बोलणें तारेवरून चाललेलें. स्वतः चितळकर आणि शमशाद बेगम यांनीं तें गाइलें आहे. पडद्यावर गोप आणि निगार सुलताना यांनीं तें रंगमंचावरचा खेळ म्हणून दाखविलें आहे, आणि शब्द आहेत राजेंद्र कृष्ण यांचे.

हें गाणें ऐकून सगळे हंसतात. मीहि हंसतों. परंतु रंगून या शब्दाशीं त्या काळच्या श्रोत्यांच्या मनांत काय जोडलेलें होतें हें ध्यानांत घ्यावयास हवें. १९४२ सालीं जपान्यांनीं रंगून घेतलें तेव्हां ब्रह्मदेशांतील लाखों हिंदी माणसें जंगलांतून आणि डोंगरांतून पायीं चालत आसामकडे व आराकानकडे निघालीं आणि त्यांतील असंख्य वाटेंतच मेलीं. त्या गोष्टीस १९४९ सालीं जेमतेम सात वर्षें झालीं होतीं. रंगूनला गेलेल्या माणसाची खबर नाहीं, हें कित्येक घरांतलें खरेंच दुःख होतें. तशांत सामान्य गृहस्थाच्या घरीं दूरध्वनि म्हणजे स्वप्नांतली वस्तु. अशा वेळीं, रंगूनचा माणूस चक्क तारेवर येतो, जिवंत आहे, आणि बायकोस गंमतीनें आपल्या हालअपेष्टा सांगतो! ज्या गोष्टीचें रडूं यावें तिचें हंसूं करून दिलें, हें त्या गाण्याच्या यशाचें एक कारण असावें असें मला वाटतें. शमशाद बेगम यांच्या खणखणीत आवाजांत जो सरळपणा आहे, तोहि त्यास साहाय्य करतो. तो आवाज कानांत कुजबुजत नाहीं. अंगणांत उभा राहून बोलतो.

या गाण्यांतील वाद्यांविषयीं एक शब्द सांगितला पाहिजे. ट्रंपेट, व्हायोलिन, सॅक्सोफोन हीं वाद्यें वाजविणारे बहुतेक कलावंत गोमंतकीय होते. गोवें तेव्हां पोर्तुगीज अंमलाखालीं होतें, १९६१ पर्यंत राहिलें. आणि तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकविलें जाई. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल सांगे. तिचें लेखन करून पन्नास वाद्यांत ती वांटून द्यावयाची, हें काम कागदावर स्वर मांडतां येणाऱ्या या मंडळींचें. ट्रंपेट वाजविणारे आंतोनियो शाव्हिएर व्हाझ यांना 'चिक चॉकलेट' या नांवानें मुंबई ओळखी आणि सी. रामचंद्र यांच्या चालींत त्यांच्या वाद्याचा मोठा वांटा आहे. तबकडीवर त्यांचीं नांवें नसत. नांवाचा हा प्रश्न पुढें आणखी एकदां यावयाचा आहे.

'बडी बहन' हा हुस्नलाल-भगतराम या बंधूंचा चित्रपट. त्यांत नायिका सुरैय्या. त्यांचीं गाणीं गाजलीं यांत आश्चर्य नाहीं. परंतु गल्लोगल्लीं पसरलें तें लताबाई आणि प्रेमलता यांनीं मिळून गाइलेलें, उभ्या असलेल्या कोणाची तरी थट्टा करणारें गाणें. त्या वर्षीं रस्त्यावर स्तब्ध उभें राहणें तरुण मंडळींस कठीण झालें असेल असें मला नेहमीं वाटतें! 'एक थी लडकी'मधील 'लारालप्पा' या गाण्याची तीच गोष्ट. पंजाबी लोकगीताच्या वळणाची ती धांवती चाल इतकी पसरली कीं नायिका मीना शोरी यांचें नांव त्या निरर्थक शब्दालाच कायमचें जोडलें गेलें. शिक्षक म्हणून मला हें गाणें फारसें आवडूं नये. आणि खरोखरच तें मला फारसें आवडत नाहीं. एकदां ऐकलें कीं दिवसभर डोक्यांतून जात नाहीं, हा कांहीं गाण्याचा गुण नव्हे. डांसाचाहि तो असतो. पण त्या चित्रपटाचे निर्माते रूप शोरी हे फाळणींत लाहोरमधील आपला सारा पसारा टाकून आलेले होते, आणि संगीत-दिग्दर्शक विनोद हेहि लाहोरचेच. ज्यांचें घर गेलें त्यांनीं दोन वर्षांच्या आंत असें नाचरें गाणें रचावें, याकडे पाहिलें म्हणजे माझी टीका मला आंवरती घ्यावी लागते. विनोद १९५९ सालीं अकालीं वारले. गाणें अजून चाललें आहे.

आतां 'महल'. हा विषय मीं मुद्दाम मागें ठेवला, कारण त्याला वेळ द्यावयाचा आहे.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट कमाल अमरोही यांनीं दिग्दर्शित केलेला पहिलाच. अशोककुमार नायक आणि सोळा वर्षांची मधुबाला नायिका. एका ओसाड हवेलींत रात्रीं कोठून तरी गाणें ऐकूं येतें, गाणारी दिसत नाहीं, दिसली तर हातीं लागत नाहीं, असें कथानक. गाणें दुरून यावें आणि जवळ जवळ येत जावें, असा प्रसंग. आज यंत्रांतील एक खटका फिरवून हें साधतां येतें. त्या वेळीं ती सोय नव्हती. संगीत-दिग्दर्शक खेमचंद प्रकाश यांनीं काय केलें, तर ध्वनिग्राहक खोलीच्या मध्यभागीं उभा केला आणि लताबाईंना दूर कोपऱ्यांत. आरंभींच्या ओळी गात गात त्यांनीं एकेक पाऊल पुढें टाकीत यावयाचें, आणि ध्रुवपद सुरू व्हावें त्या वेळीं नेमकें ध्वनिग्राहकापाशीं पोंचावयाचें. पाऊल वाजतां कामा नये, श्वास तुटतां कामा नये, आणि ताल चुकला तर सारें पुन्हां पहिल्यापासून. लताबाईंनीं ही हकीकत पुढें अनेकदां सांगितली आहे. हें गाणें आज ऐकतांना तीं पावलें मनांत मोजून पहावीं.

तबकडी बाजारांत आली तेव्हां तिच्यावर गाणारीचें नांव छापलें होतें 'कामिनी'. कामिनी कोण? तर चित्रपटांतील नायिकेच्या पात्राचें नांव! त्या काळची रीतच ती. पार्श्वगायकाचें नांव सांगितलें तर पडद्यावरची नटीच गाते आहे हा प्रेक्षकांचा भ्रम मोडेल, अशी निर्मात्यांची समजूत होती. तबकडी नभोवाणीवरून लागूं लागली आणि श्रोत्यांच्या पत्रांचा वर्षाव सुरू झाला : ही गाते कोण? तबकडीवर तर नांव कामिनीचें. शेवटीं नभोवाणीच्या अधिकाऱ्यांनीं ग्रामोफोन कंपनीकडे विचारणा केली, आणि उत्तर आलें तें ध्वनिक्षेपणांतून जाहीर झालें. चित्रपटांत नायक न दिसणाऱ्या गाणारीचा शोध घेत होता, आणि चित्रपटाबाहेर सारा देश त्याच आवाजाच्या मागें लागला होता. कथेंत आणि व्यवहारांत असा मेळ पडलेला मला दुसरा ठाऊक नाहीं.

मास्तर दीनानाथांची ही कन्या सन १९४९ मध्यें वीस वर्षांची झाली. वडील १९४२ सालीं गेले; ज्यांनीं कुटुंबास आधार दिला ते मास्टर विनायक १९४७ सालीं गेले; घरांत आई आणि चार धाकटीं भावंडें. आवाज फार बारीक आहे म्हणून एका नामवंत निर्मात्यानें तो नाकारला होता, आणि गुलाम हैदर यांनीं तोच आवाज हट्टानें 'मजबूर' या १९४८ च्या चित्रपटांत पुढें आणला होता. पुढच्याच वर्षीं नौशाद, शंकर-जयकिशन, खेमचंद प्रकाश, श्यामसुंदर, हुस्नलाल-भगतराम यांपैकीं कोणाचेंहि त्या आवाजावांचून चालेना. बारा महिन्यांत झालेला हा पालट पाहिला म्हणजे मन थक्क होतें.

आणि येथें माझ्या पेशाचा विषय निघतो, तो म्हणजे उच्चारांचा. लताबाईंनीं स्वतः सांगितलेली आणखी एक हकीकत आहे. लोकलच्या डब्यांत अनिल विश्वास यांनीं त्यांची दिलीपकुमारांशीं ओळख करून दिली. मुलगी महाराष्ट्रीय आहे हें कळतांच दिलीपकुमार म्हणाले कीं मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. दुसरी एखादी मुलगी रडली असती वा रागावली असती. हिनें एका मौलवींकडे उर्दूची शिकवणी लावली.

आक्षेप खोटा नव्हता, हें मराठीच्या शिक्षकानें कबूल केलें पाहिजे. आपण 'है' लिहितों आणि म्हणतांना 'हय' म्हणतों. हिंदी भाषिकांचा तो उच्चार निराळा, एकसंध असतो. आपल्या भाषेंत ज दोन प्रकारचा आहे, 'जग'मधला आणि 'जीव'मधला. पण उर्दूचा नुक्त्याचा ज या दोहोंहून वेगळा, आणि तो कोठें लावावयाचा व कोठें नाहीं हें ठाऊक नसल्यामुळें आपण कोठेंहि लावतों. ख आणि ग यांचेहि घशांतून येणारे उच्चार आपल्या जिभेस नाहींत. हें सारें मुलांना सांगून, फळ्यावर लिहून, छडी आपटूनहि सुधारत नाहीं, हा माझा अनुभव. आणि येथें वीस वर्षांची मराठी मुलगी लखनौच्या नौशादांपुढें गाते व उर्दूच्या अभिमान्यांना तिच्यांत खोट सांपडत नाहीं! सूर ही देणगी म्हणतां येईल. उच्चार ही देणगी नव्हे, तो अभ्यास आहे. 'महल'च्या गाण्यांतील एकेक शब्द या दृष्टीनें पुन्हां ऐकावा.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. हीं गाणीं म्हणजे उथळ करमणूक, त्यांनीं आपल्या शास्त्रीय संगीताची अभिरुचि बिघडविली, असें मानणारे विद्वान् तेव्हां थोडे नव्हते. त्यांतील एक थोर गृहस्थ म्हणजे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. ते आपल्यापैकींच, महाराष्ट्रीय, संगीताचे मर्मज्ञ. १९५२ सालीं ते नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं. शास्त्रीय गायकांना त्यांनीं जें व्यासपीठ दिलें, त्याचे उपकार विसरण्यासारखे नाहींत. परंतु चित्रपटगीतें बंद झालीं म्हणून श्रोत्यांनीं ख्याल ऐकावयास सुरुवात केली असें झालें नाहीं. त्यांनीं कांटा फिरविला आणि सिलोन लावलें. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. मुलाच्या हातांतून गोष्टींचें पुस्तक काढून घेतलें तर तो व्याकरण वाचील, असें समजणारे शिक्षक मीं पुष्कळ पाहिले आहेत. 'लारालप्पा' वगळलें असतें तर मीं केसकरांची बाजू घेतली असती. पण त्यांनीं तबकड्यांचा सगळाच ढीग बाजूला सारला, आणि त्या ढिगांत 'महल' होता, 'दुलारी' होता.

नांवाचा प्रश्न राहिला. 'कामिनी'नंतर तबकड्यांवर पार्श्वगायकांचीं खरीं नांवें येऊं लागलीं, परंतु मान मिळावयास आणखी दहा वर्षें लागलीं. 'फिल्मफेअर' या नियतकालिकाच्या पारितोषिकांत पार्श्वगायनास जागा नाहीं म्हणून लताबाईंनीं त्या समारंभांत गावयाचें नाकारलें होतें. पुढें तें पारितोषिक ठेवण्यांत आलें आणि १९५९ सालीं तें पहिल्यानें त्यांनाच, 'मधुमती'मधील गाण्याबद्दल, मिळालें. त्या गाण्याला चाल सलील चौधरी यांची होती. ज्यांनीं लताबाईंना कोपऱ्यांतून चालत आणलें ते खेमचंद प्रकाश हें पहावयास राहिले नव्हते. 'महल' १९४९ च्या ऑक्टोबरांत प्रदर्शित झाला, आणि १० ऑगस्ट १९५० रोजीं, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले.

घड्याळाकडे पाहतां श्यामसुंदर यांच्यासाठीं फार थोडा अवकाश उरला आहे. त्यांचे 'बाजार' आणि 'लाहोर' हे दोन चित्रपट याच वर्षाचे. चित्रपट म्हणून ते आज कोणी आठवीत नाहीं. 'बाजार'मध्यें प्रियकराची गल्ली सोडून निघालेल्या स्त्रीचें, लताबाईंनीं गाइलेलें एक गाणें आहे. त्यांत त्यांचा आवाज अजून थोडा नूरजहाँच्या छायेंत आहे आणि थोडा स्वतःचा झाला आहे. एकाच गाण्यांत ही सीमा ओलांडतांना तो ऐकूं येतो. वरील इतर गाण्यांइतकें तें गाजलें नाहीं. ज्यांच्या घरीं जुनी तबकडी असेल त्यांनीं ती, आणि नसेल त्यांनीं आपल्या भ्रमणध्वनीवर तें शोधून, आज रात्रीं जेवणें झाल्यावर एकदां अवश्य ऐकावें.